कच्च्या मडक्याची साक्ष

जानेवारी २०२० मध्ये आमच्या जिल्ह्याच्या गावी, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेस आणि आताच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते. एवढा मोठा मेळा आमच्या दुष्काळी मुलखात यावा याचे आम्हां मंडळींना किती अप्रूप होते, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला सांगून कळावयाचे नाही. शाळेत रजा टाकून मी तिन्ही दिवस मांडवात बसून होतो.

एका संध्याकाळी कवितावाचन चालू होते. कवी उभा राहिला की मांडवातले शेकडो हात वर होत आणि प्रत्येक हातात फोन. पुढचा माणूस कवीकडे पाहत नव्हता. तो कवीच्या वीतभर चित्राकडे पाहत होता. माझ्या शेजारी तालुक्याच्या गावचे एक निवृत्त गुरुजी बसले होते. ते वैतागून म्हणाले, "ही माणसं ऐकत नाहीत, मास्तर. नुसती भरून घेतात. घरी गेल्यावर कोण उघडून बघणार आहे?" मी जोरात मान हलवली. "अगदी बरोबर बोललात," असेही म्हणालो. आणि वाक्य चांगले आहे, विसरायला नको, म्हणून खिशातून वही आणि पेन्सिल काढली.

गुरुजींनी वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते हसले.

ते हसू गेली काही वर्षे मला टोचत राहिले आहे. 'क्षण जगावा, टिपत बसू नये' हा उपदेश हल्ली जिकडेतिकडे ऐकू येतो. लग्नात, देवळात, सहलीत, कधी तर मयताच्या घरीही लोक फोन उभा धरतात आणि ते पाहून चार शहाणी माणसे हळहळतात. त्या हळहळीत मीही सामील आहे. परंतु लेखकाने हा उपदेश करावा यात एक गोम आहे. टिपणे हाच ज्याचा उद्योग, त्याने दुसऱ्याला टिपू नको म्हणून सांगावे, हे कसे? फोन आणि वही यांत काही फरक असला तर तो कोणता? आणि साहित्य निर्माण होते ते प्रसंगात बुडालेल्या माणसाकडून, की काठावर बसून पाहणाऱ्याकडून?

माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. (दहावीला आमच्याकडची जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात.) तेव्हा सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत हे प्रश्न सोडवणे मला साधणार नाही. पण ज्यांच्या नावाच्या नगरीत आम्ही बसलो होतो त्या गोरोबाकाकांच्या दोन कथा आमच्या जिल्ह्यात पोरासोरांना ठाऊक आहेत. त्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या तर या प्रश्नावर बराच उजेड पडतो, असे मला वाटते.

*

धाराशिवच्या ईशान्येस, तेरणेच्या काठी तेर आहे. गाव फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याचे टिपण 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे, त्यात तेरचा उल्लेख 'तगर' असा येतो. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे एक फार मोठे शहर, आणि तेथून गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाणारे जाडेभरडे व तलम कापड, एवढीच ती नोंद. नोंद मोलाची आहे; तिच्यामुळे इतिहासकारांना तेर सापडले. पण तिच्यात कापड आहे, ते विणणारा नाही. व्यापाऱ्याला जे हवे होते ते त्याने टिपले. टिपणाचा हा स्वभाव ध्यानात ठेवावा. ते आपल्याला जे हवे असते तेवढेच उचलते.

याच गावी तेराव्या शतकात गोरोबा कुंभार होऊन गेले. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १२६७ चा आणि समाधी १३१७ ची. पहिली कथा सर्वांना माहीत आहे. गोरोबा अंगणात चिखल तुडवीत होते. मुखी विठ्ठलाचे नाम चालले होते, डोळे मिटले होते. बायको पाण्याला गेली होती आणि रांगते मूल सोडून गेली होती. ते मूल बापाकडे रांगत आले, चिखलात पडले, आणि बापाच्या पायांखाली तुडवले गेले. बापाला कळले नाही.

दुसरी कथा अशी. संतांचा मेळा तेरला गोरोबांच्या घरी जमला होता. मुक्ताबाईंची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली. हे काय, म्हणून त्यांनी विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे गोरोबा म्हणाले. मग ही मडकी थापटून पाहा बरे, असे मुक्ताबाई म्हणाल्या. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. सगळे निमूट बसून राहिले. नामदेवांच्या डोक्यावर थापटणे पडले तेव्हा मात्र ते रागावले, कुरकुरले. गोरोबांनी निकाल दिला की हे मडके कच्चे आहे. नामदेव रडवेले होऊन पंढरपुरास गेले आणि पुढे विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केले.

कीर्तनकार या कथा वेगवेगळ्या दिवशी सांगतात. पहिलीतून तन्मयतेचा महिमा, दुसरीतून गुरूचा. मी त्या एकत्र वाचतो, आणि मग मला दोन्हींत एकेक अडचण दिसू लागते.

पहिलीतली अडचण उघड आहे. ज्याला आपण क्षणात संपूर्ण रंगून जाणे म्हणतो, त्याचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही. गोरोबा काही टिपत नव्हते, जपून ठेवत नव्हते, उद्यासाठी काही राखत नव्हते. ते नामात होते. आणि तरीही त्या घटकेला अंगणात जे घडत होते त्यात ते नव्हते. पायाखाली जे आले ते त्यांना कळले नाही. तेव्हा रंगून जाणे आणि हजर असणे या दोन गोष्टी आहेत. ही कथा विस्ताराने सांगणाऱ्या महिपतीबुवांनी 'भक्तविजय' १७६२ मध्ये पुरा केला, म्हणजे गोरोबांच्या समाधीनंतर जवळजवळ साडेचारशे वर्षांनी. एवढ्या काळात ती किती मुखांतून घडली असेल! पण या दीर्घ प्रवासात कोणीही ते मूल कथेतून काढून टाकले नाही. देव शेवटी मूल परत देतो, नामदेवांच्या कीर्तनात ते रांगत येते, हे खरे; तथापि आधी ते जावे लागते. लोकांना तन्मयता वंद्य होती आणि तिची किंमतही ठाऊक होती.

हे ध्यानात घेतले म्हणजे फोनवाल्या माणसाकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलते. आपण म्हणतो, तो क्षणापासून दूर आहे, कारण तो टिपतो आहे. पण तोही एका परीने रंगलेलाच असतो. चौकट नीट धरणे, हात हलू न देणे, पुढच्याचे डोके मध्ये येऊ न देणे, यांत त्याचे चित्त पुरते गुंतलेले असते. चिखल तुडवणे चालू असते आणि डोळे मिटलेले असतात. तो विठ्ठलावाचूनचा गोरोबा असतो. गोरोबांचे चित्त निदान विठ्ठलाकडे होते.

*

आता दुसरी कथा. तिच्यातली अडचण मला लेखक म्हणून अधिक जवळची वाटते.

प्रथम कुंभारकामातली एक साधी गोष्ट. पक्के भाजलेले मडके ठोकले की खणखणीत वाजते; कच्चे बद्द बोलते. कथेत मात्र पक्की मडकी गप्प आहेत आणि वाजले ते कच्चे. भक्तीच्या हिशेबात हे ठीक असेल. अहंकार गेला नाही म्हणून नामदेव वाजले. पण वाङ्मयाच्या हिशेबात त्या घरातली घटना आपल्याला कळली कशी, हा प्रश्न उरतो. लागले ते लागले असे म्हणणारा तिथे एकटाच होता.

आणि पुढे काय झाले पाहा. त्या कच्च्या मडक्याने सगळ्या पक्क्या मडक्यांची साक्ष ठेवली. ज्ञानदेवांचे चरित्र आपल्याला प्रथम भेटते ते नामदेवांच्या 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' या अभंगमालिकांत. त्यांतले काही अभंग मागाहूनच्या कोणा नामदेवांचे असतील असे संशोधक म्हणतात. पण मूळ आवाज कोणाचा, याविषयी परंपरेला शंका नाही. खुद्द गोरोबांच्या नावावर जेमतेम वीसएक अभंग आहेत. पक्के मडके थोडे बोलले, कच्चे मडके आयुष्यभर बोलत राहिले, आणि त्याच्या बोलण्यामुळे आपण पक्क्याला ओळखतो.

तर मग टिपणारा जिंकला, असे म्हणावे काय? तसेही म्हणवत नाही. समाधीचे ते अभंग मी पुष्कळदा वाचले आहेत. शके १२१८, म्हणजे १२९६ साली ज्ञानदेव आळंदीस समाधिस्थ झाले. अभंगांत निवृत्तिनाथांची अवस्था आहे, भावंडांचा आकांत आहे, जमलेल्या संतांची घालमेल आहे. पण सांगणारा त्यांच्या बाहेर उभा नाही. तोही रडणाऱ्यांत आहे. किंबहुना कुठे पाहिलेले संपते आणि कुठे सोसलेले सुरू होते हे त्या अभंगांत वेगळे करता येत नाही. नामदेव तिथे आधी शिष्यासारखे, मित्रासारखे होते. सांगणारे ते नंतर झाले.

हा 'नंतर' माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. चिखलाचे मडके चाकावरून उतरले की लगेच पाणी भरावयाचे नसते. ते सावलीत सुकावे लागते, आव्यात भाजावे लागते. ओल्या मडक्यात पाणी ओतले तर मडकेही जाते आणि पाणीही जाते. घडत असतानाच टिपलेल्या प्रसंगाचे पुष्कळदा असेच होते. तो धड जगलाही जात नाही आणि धड सांगितलाही जात नाही.

*

मराठी गद्यात याचा उत्तम दाखला म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी काकांबरोबर उत्तरेस निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार होत्या, दक्षिणा चांगली मिळेल अशी आशा होती. दक्षिणा राहिली बाजूला, आणि भटजी बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. झाशीचा वेढा, शहराची लूट, कत्तल, सारे त्यांनी भोगले, आणि अखेर आईबापांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. हे सारे त्यांनी लिहिले ते पंचवीसएक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला म्हणून. छापून आले ते १९०७ मध्ये.

त्यात तारखांची गफलत आहे, ऐकीव गोष्टी आहेत, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. पण भूक, भीती, तहान, लपून काढलेली रात्र यांचे वर्णन वाचताना पंचवीस वर्षे मध्ये गेली आहेत असे वाटत नाही. याचे कारण काय? भटजी झाशीत होते तेव्हा ते कोणत्याही पुस्तकासाठी तिथे नव्हते. जीव वाचवणे एवढेच त्यांचे काम होते. त्यांचे सगळे अवधान त्या कामात होते, आणि अवधानाने जे घेतले ते शरीराने राखून ठेवले. बरोबर वही असती तर तारखा बरोबर आल्या असत्या. भीती इतकी खरी आली असती काय, याची मला शंका आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयीही हेच म्हणता येईल. शाळा न पाहिलेली ही बाई नवऱ्याच्या शिकवण्याने लिहावाचायला शिकली. रेव्हरंड टिळक १९१९ साली वारले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली आणि लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. म्हणजे साठी उलटल्यावरचे हे लेखन आहे. त्यात रुसवे आहेत, फजिती आहे, ताटातूट आहे. आणि हे सर्व सांगणारी बाई त्या त्या वेळी रुसत होती, फजीत होत होती, रडत होती. ती संसाराचा वृत्तांत घ्यायला बसलेली नव्हती. पुढे आठवताना तिला हसू येते, आणि ते हसू वृत्तांतात कधीच आले नसते. काळ मध्ये गेला म्हणून ते आले.

उलट, गेल्या काही वर्षांतल्या आमच्या ग्रामीण म्हणवणाऱ्या कादंबऱ्या पाहा. कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही; माझ्याच दोन कादंबऱ्या परीक्षणाला घेतो.

*

पहिली कादंबरी भूकंपावरची. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावे उशिरा निजली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आमचे गाव सास्तूरपासून फार लांब नाही. आमच्याकडे पडझड झाली, सास्तुरात आणि पलीकडे किल्लारीत गावेच्या गावे गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदे; उन्हाळ्यात थंड राहणारी तीच घरे निजलेल्या माणसांवर बसली. मला आठवते ते असे: आईने केसांना धरून मला ओढत अंगणात आणले, तोंडात माती होती, आणि उजाडल्यावर माणसे एकमेकांना नावाने हाका मारत होती आणि काही हाकांना उत्तर येत नव्हते. मग पाऊस लागला.

यातले काहीच मी कुठे लिहून ठेवले नव्हते. वीसएक वर्षांनी कादंबरी लिहिली तेव्हा साल आणि वेळ तेवढी पडताळून पाहिली. ती कादंबरी भाषेने ओबडधोबड आहे, शेवट फसला आहे, हे मला कळते. पण अनोळखी माणसे अजून भेटतात आणि केसांना धरून ओढण्याचा तो प्रसंग मला सांगतात. कधी कधी तर तो त्यांच्याच घरात घडल्यासारखा सांगतात.

दुसरी कादंबरी आईवरची. एव्हाना मी लेखक झालो होतो. पुरस्कार मिळाला होता, आणि साहित्य म्हणजे अस्सल तपशील अशी माझी समजूत झाली होती. आईला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी येत. दीड वर्ष मी तिच्यापुढे फोन ठेवून बसलो. अकरा वह्या भरल्या. जात्याचा खुंटा, तळी, मुखात पडणारी वैरण, पिठाचा रंग, सुगीतले आणि दुष्काळातले धान्य, सारे टिपले. कादंबरी आली तेव्हा परीक्षणांत 'अस्सल' हा शब्द तीनदा आला. मला आनंद झाला.

आज तीच कादंबरी मी परक्याच्या डोळ्यांनी वाचतो तेव्हा जात्याचे प्रकरण मला निर्जीव वाटते. शब्द सगळे बरोबर आहेत. एकही वस्तू चुकलेली नाही. पण त्या जात्यावर माझी आई बसलेली नाही. कोणाचीही आई तिथे बसवावी, काही फरक पडणार नाही. पेरिप्लसच्या व्यापाऱ्यासारखे मी कापड टिपले.

हे मला कसे कळले तेही सांगितले पाहिजे, नाही तर हे परीक्षण अर्धे राहील. २०१८ च्या पावसाळ्यात आई गेली. पुढे पुष्कळ महिन्यांनी मी तिच्या ओव्या पुन्हा ऐकायला काढल्या. शेवटच्या ध्वनिमुद्रणात एक ओवी मध्येच तुटते. माझा आवाज येतो, "आई, परत म्हण. मधी कुत्रं भुंकलं." ती परत म्हणते. मग म्हणते, "आता बास लेकरा. दम लागायलाय." मी म्हणतो, "एवढी एकच." ती ओवी म्हणू लागते, मध्ये थांबते, श्वास घेते. श्वासाचा आवाज स्पष्ट आहे. "माज्याकडं बगून तरी ऐक की," असे ती म्हणते. आणि मी म्हणतो, "ऐकतोय. तू म्हण."

तीन आठवड्यांनी ती गेली. हृदय थकले होते. तो श्वास त्या दिवशीही माझ्या कानांवर पडला होता. मला आठवते, तो मी आवाजातला दोष म्हणून ऐकला आणि फोन थोडा दूर सरकवला.

पहिल्या कथेतल्या त्या अंगणाविषयी मी इतके का लिहिले, हे वाचकांच्या आता ध्यानात येईल.

*

यावर कोणी म्हणेल, झाले तर मग. तुमच्याच तोंडाने सिद्ध झाले की टिपू नये. मला हा निष्कर्ष इतक्या सहज काढवत नाही.

कारण तो श्वास मला ऐकवला कोणी? मी जे ऐकले नाही ते त्या यंत्राने ऐकले होते आणि राखून ठेवले होते. ते नसते तर माझी चूक मला कधीच कळली नसती. मी 'अस्सल' या शब्दावर खूश राहिलो असतो. शिवाय माझी मुलगी आजीचा आवाज ऐकते. आजी गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिच्यापाशी आजीची आठवण अशी नाही, एवढा आवाज मात्र आहे. तो पुसून टाका असे मला कोणता तत्त्वज्ञ सांगेल? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांच्या साह्याने महाराष्ट्राच्या खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. घरोघर गिरणीचे पीठ येऊ लागले आणि जाती अंगणात पालथी पडली, तेव्हा हे काम झाले नसते तर आपल्या आयाआज्यांचे केवढे वाङ्मय नाहीसे झाले असते! टिपणाऱ्या हाताचे हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तेव्हा हाताला दोष देऊन भागत नाही. हात टिपत असताना डोळा आणि कान कुठे होते, एवढेच विचारावयाचे असते. आईच्या पुढे बसून, तिच्याकडे पाहत, ती थकली की फोन बंद करून तिला पाणी देऊन मी ओव्या घेतल्या असत्या तर दहा ओव्या कमी मिळाल्या असत्या. कादंबरी बहुधा बरी झाली असती. ती न झाली तरी चालले असते.

समीक्षेलाही यातून एक गोष्ट घेता येईल असे वाटते. आपण पुस्तकात तपशील किती आहे, बोली कितपत बरोबर उतरली आहे, वस्तूंची नावे अस्सल आहेत काय, हे पाहतो आणि शाबासकी देतो. हे सर्व नोंदीचे गुण आहेत. त्यापुढे जाऊन विचारावे की सांगणारा त्या जागी कोण म्हणून होता? भिक्षुक म्हणून, बायको म्हणून, शिष्य म्हणून, की केवळ लेखक म्हणून? जो केवळ लेखक म्हणून तिथे गेला त्याला बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतावे लागते, मग वह्या कितीही भरलेल्या असोत.

*

मी मास्तर आहे, त्यामुळे कोणताही विचार वर्गात नेऊन पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दरवर्षी आमच्या शाळेची सहल नळदुर्गच्या किल्ल्याला जाते. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. नदीला पाणी असले की नर-मादी धबधबे कोसळतात आणि महालात उभे राहिले की समोरून पाणी पडताना दिसते. पूर्वी मी मुलांना सहलीआधीच सांगत असे, 'आमची सहल' हा निबंध सोमवारी हवा, नीट टिपून घ्या. मुले मग किल्ला पाहत नसत. भिंतीवरचा माहितीफलक उतरवून घेत.

दोन वर्षांपूर्वी मी निबंधाचे नावच काढले नाही. वह्या नेऊ दिल्या नाहीत, माझा फोनही पिशवीतच ठेवला. महिन्याने एके दिवशी वर्गात सांगितले की त्या सहलीविषयी लिहा. प्रयोग फारसा यशस्वी झाला असे म्हणवत नाही. निम्म्या मुलांना काहीच आठवेना. काहींनी फक्त डब्यात काय होते ते लिहिले. किल्ला कोणी बांधला हे सर्वांचे चुकले. पण एका मुलाने, ज्याचा निबंध एरवी पाच ओळींपुढे जात नाही, लिहिले की पाणीमहालात त्याने भिंतीला पाठ लावली तेव्हा पाण्याचा आवाज पाठीतून आत येत होता, आणि शेजारच्या मित्राचे ओठ हलत होते पण तो काय म्हणतो ते कळत नव्हते. मी त्या महालात वीसदा तरी गेलो असेन. पुढच्या खेपेला मीही भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मुलगा खरे लिहीत होता.

संमेलनातल्या त्या गुरुजींचे वाक्य मी त्या संध्याकाळी लिहून घेतले नाही. ते हसले, मी ओशाळलो आणि वही परत खिशात ठेवली. वर दिले आहे ते आठवणीतून दिले आहे. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर त्यांनी क्षमा करावी. वही ठेवल्यावर कवीने जी कविता म्हटली ती मात्र मी पुरती ऐकली आणि ती मला अजून आठवते.